साथीचे गणित आणि मोजणारी माणसे

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या पावसाळ्यात संख्याशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी फळ्यावर एक रेषा काढली. डावीकडे ती जमिनीलगत होती. मग हळूहळू वर चढली, मध्यावर टोकाला पोचली आणि तशीच उतरत उजवीकडे पुन्हा जमिनीला टेकली. "ही रेषा कशाची असेल?" असे सरांनी विचारले. कोणी म्हणाले, कांद्याच्या भावाची. कोणी म्हणाले, परीक्षेच्या सुमारास ग्रंथालयात येणाऱ्या मुलांची. सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि मग म्हणाले, "मुंबईत डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात प्लेगने दर आठवड्याला किती माणसे मेली, त्याची ही रेषा आहे." वर्ग गप्प झाला.

तो तास संपला, पण ती रेषा माझ्या मनातून गेली नाही. वार्षिकासाठी या विषयावर लिहिणार आहे असे सांगितले तेव्हा वसतिगृहातली मैत्रीण म्हणाली, "अगं, हे शास्त्र शाखेच्या मुलांचे काम. आपण कविता लिहावी, फार तर बेकारीवर लेख." तिचे म्हणणे मला पटले नाही. साथ शाखा पाहून येत नाही. आणि साथीचे गणित ज्या आकड्यांवर उभे असते ते आकडे कुठून येतात, हे मी आमच्या घरात पाहिले आहे. त्याविषयी मला जे वाटते ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम त्या रेषेविषयी. मुंबईत प्लेग आला १८९६ साली. मांडवी भागातील रोग्यांना तपासून हा प्लेगच आहे असे निदान सप्टेंबर महिन्यात करणारे डॉक्टर होते अकॅसियो व्हिएगस, मूळ गोव्याचे. त्यानंतर कित्येक वर्षे ही साथ दर हंगामात येत राहिली. १९०५-०६ च्या हंगामात ती शिखरावर असताना एकट्या मुंबई बेटावर आठवड्याला सुमारे ९०० माणसे मरत होती. हे आकडे पुढे स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे दोन संशोधकांच्या हाती आले. एक अँडरसन मॅकेन्ड्रिक. हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी करून, कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम करून परत गेलेले डॉक्टर. दुसरे विल्यम कर्मॅक. हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांची दृष्टी कायमची गेली होती. या अंध माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्याने १९२७ साली साथीच्या गणितावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात आपले समीकरण मुंबईच्या मृतांच्या आकड्यांना लावून दाखवले. आज जगभर साथींचा माग काढण्यासाठी जी गणिती प्रारूपे वापरतात, त्यांतील पुष्कळशी याच निबंधाच्या वंशातील आहेत. मुंबईतल्या चाळींत मेलेली माणसे अशा रीतीने जगाच्या विज्ञानात जाऊन बसली. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

हे प्रारूप समजायला फार गणित लागत नाही. हजार वस्तीचे एक गाव घ्या. त्यातील माणसांचे तीन गट करा. पहिला गट, ज्यांना अजून रोग झालेला नाही पण होऊ शकतो त्यांचा. दुसरा, ज्यांना रोग झालेला आहे आणि जे तो दुसऱ्याला देऊ शकतात त्यांचा. तिसरा, जे या खेळातून बाहेर पडले त्यांचा. समजा, एक रोगी बरा होईपर्यंत तिघांना रोग देतो. मग एकाचे तीन, तिनाचे नऊ, नवाचे सत्तावीस, आणि सहाव्या फेरीला ७२९. पण गावात माणसे हजारच. जसजसा पहिला गट आटत जातो तसतसा रोग्याच्या वाटेत येणारा माणूस बहुधा आधीच रोग होऊन गेलेला निघतो. पहिल्या गटात एक तृतीयांश माणसे उरली की एक रोगी सरासरी एकालाच रोग देऊ शकतो. तेथून रेषा उतरू लागते. रेषा उतरू लागली म्हणजे साथ संपली असे मात्र नाही. त्या वेळी अंथरुणावर पुष्कळ माणसे असतात आणि उतरतानाही ती आणखी पुष्कळांना ओढून नेते.

साथ का थांबते, याविषयी पूर्वी दोन समजुती होत्या. एक, रोग होण्यासारखे कोणी उरतच नाही म्हणून. दुसरी, रोगजंतूचा जोर ओसरतो म्हणून. या दोहोंशिवायही साथ थांबू शकते, हे कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी दाखवले. पहिला गट एका मर्यादेखाली गेला की पुरे. या विचाराचा धागा त्यांच्या आधी रोनाल्ड रॉस यांच्याकडे सापडतो. रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लोक त्यांना म्हणत, सगळे डास काय कधी मरणार आहेत? तेव्हा रॉस यांनी गणित मांडून दाखवले की सगळे मारण्याची गरजच नाही, डासांची संख्या ठरावीक मर्यादेखाली नेली तरी हिवताप आपोआप ओसरतो. लसीकरणालाही हाच हिशोब लागू पडतो. आपल्याला लस का टोचली आणि शेजारच्याने ती घेतली नाही तर आपले काय जाते, याचे उत्तर या एका मर्यादेत आहे. म्हणून गणिताला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही.

परंतु या गणिताच्या तिसऱ्या गटापाशी मी अडखळले. "खेळातून बाहेर पडलेले" म्हणजे कोण? जे बरे झाले ते, आणि जे मेले तेही. समीकरणाच्या दृष्टीने दोघे सारखेच, कारण दोघेही आता कोणाला रोग देत नाहीत. मुंबईच्या प्लेगमध्ये बहुतेक रोगी दगावतच असत, म्हणून त्या निबंधात मृत्यूचे आकडेच या गटासाठी वापरले आहेत. गणित म्हणून यात काही चूक नाही. पण ज्या घरातला माणूस त्या गटात गेला आहे त्या घराला हे वाचताना काय वाटेल, हा प्रश्न कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

आणखी एक गोष्ट सांगते. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेली प्लेगची गोष्ट सांगते. घरात उंदीर पडू लागले, आढ्यावरून खाली येऊन मरू लागले, की गाव उठायचे. लोक शेतात झोपड्या घालायचे आणि साथ निवळेपर्यंत रानातच राहायचे. निरक्षर माणसांचे हे शहाणपण आहे. उंदराचे मरण ही पुढे येणाऱ्या संकटाची खूण आहे, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत उंदराच्या पिसवेचा संबंध दाखवला, आणि पुढे हिंदुस्थानात नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने त्याला पुष्टी दिली. आता गंमत पाहा. १९२७ च्या त्या समीकरणात उंदीरही नाही आणि पिसूही नाही. रोग सरळ संपर्कातून पसरतो असे त्यात धरले आहे. ही त्रुटी त्या दोघांना ठाऊक होती आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले आहे. तरी त्यांची रेषा मुंबईच्या आकड्यांवर छान बसली! यावरून मी एक धडा घेतला. रेषा जुळली म्हणजे कारण कळले असे होत नाही. प्रारूप बनवणारा प्रामाणिक असेल तर आपण काय सोडून दिले ते सांगतो. ऐकणाऱ्याने तेवढे ऐकून घ्यायला हवे.

आपण ते ऐकत नाही, हे कोरोनाच्या काळात दिसून आले. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी सांगितले की काहीच उपाय केले नाहीत तर ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार माणसे मरतील. उपाय झाले, टाळेबंदी झाली, तेवढी माणसे मेली नाहीत. मग लोक म्हणू लागले, बघा, भाकीत खोटे ठरले. "काहीच उपाय केले नाहीत तर" हे शब्द ते विसरले. आपल्याकडे नेमके उलटे घडले. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की साथीचे शिखर सप्टेंबरात होऊन गेले आहे, आणि सर्वांनी नियम पाळले तर फेब्रुवारी २०२१ अखेर साथ आटोक्यात येईल. येथेही "तर" होता. शिवाय विषाणूचे नवे रूप येऊ शकते, ही गोष्ट त्या हिशोबात नव्हती. लोकांच्या मनात फक्त फेब्रुवारी राहिला. लग्ने झाली, निवडणुका झाल्या, मेळे भरले. एप्रिल अखेरीस देशात एका दिवसात चार लाखांहून अधिक नवे रुग्ण सापडले.

गणिती प्रारूप म्हणजे पंचांग नव्हे. त्यात जर-तर असते. जर आपण असे वागलो, जर जंतू असाच राहिला, जर आकडे खरे असले, तर असे होईल, एवढेच ते सांगते. यातील तिसऱ्या "जर" विषयी मला अधिक बोलायचे आहे, कारण तो आमच्या घरातला आहे.

माझी आई आशा स्वयंसेविका आहे. वडील दुसऱ्यांच्या शेतावर राबतात. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आईचे शिक्षण दहावीपर्यंत. हजार लोकवस्तीला साधारण एक आशा, असा नियम आहे. पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला आणि थोडे मानधन. सप्टेंबर २०२० मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" ही मोहीम सुरू झाली तेव्हा आई घरोघर फिरून प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन मोजत असे. संध्याकाळी ती दमून आली की वहीतले आकडे मी मोबाइलमध्ये भरून देई. मी त्या वेळी शाळेत होते. आपण एका मोठ्या गणिताला आकडे पुरवीत आहोत, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, आजोबांना ताप आला. तालुक्याच्या ठिकाणी त्या दिवशी तपासणीचे किट संपलेले होते, उद्या या म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली. आईने पिशवीतले तेच यंत्र त्यांच्या बोटाला लावले. आकडा ऐंशीच्या खाली होता. वडिलांनी चार ठिकाणी फोन केले, खाट कुठेच नव्हती. एका शेजाऱ्याने गाडी आणतो म्हणून सांगितले, पण गाडी येण्याआधी पहाटे आजोबा गेले.

चार दिवसांनी आईला आठवड्याचा तक्ता द्यायचा होता. त्यात एक रकाना होता, कोरोनाने झालेले मृत्यू. तपासणीत निष्पन्न झालेलेच त्यात धरायचे होते. आजोबांची तपासणी झालेली नव्हती. मी लेखणी धरून बसले. आई म्हणाली, "लिही गं. जे विचारलंय तेवढंच लिही." आमच्या वाडीपुढे मी शून्य लिहिले. आईचे अक्षर चांगले नाही म्हणून तक्ता मी लिहीत होते. ते शून्य माझ्या हातचे आहे.

मला कोणाला दोष द्यायचा नाही. वरच्या माणसाला नियम होता, आईला तक्ता होता. पण सरांनी फळ्यावर रेषा काढली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आपल्या देशाच्या त्या वर्षाच्या रेषेत आजोबा नाहीत. रेषा त्यांच्याएवढी खाली आहे. आणि अशी शून्ये किती घरांतून लिहिली गेली असतील?

त्याचा थोडा अंदाज आता करता येतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात कोरोनाने मेलेल्यांचा सरकारी आकडा सुमारे ४ लाख ८० हजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये काढलेला अंदाज असा की या दोन वर्षांत एरवीपेक्षा सुमारे ४७ लाख अधिक माणसे मेली. यात कोरोनाने प्रत्यक्ष मेलेले आणि त्या गोंधळात उपचार न मिळून मेलेले असे दोन्ही आले. भारत सरकारने या अंदाजावर आणि तो काढण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. ४७ लाख हाही प्रारूपातूनच आलेला आकडा आहे हे खरे, आणि त्यावर शंका घेण्याचा अधिकार सर्वांना आहे. पण पुढे सरकारच्याच जन्ममृत्यू नोंदणीचे आकडे मे २०२५ मध्ये बाहेर आले. २०२० साली नोंदलेले मृत्यू सुमारे ८१ लाख होते, ते २०२१ साली सुमारे १ कोटी २ लाख झाले. एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ. नोंदणी सुधारली म्हणून काही आकडा वाढला असे म्हटले, तरी सगळी वाढ त्यात बसत नाही असे मला वाटते. आजोबांचा मृत्यू ग्रामपंचायतीत नोंदलेला आहे. म्हणजे या एक कोटी दोन लाखांत ते आहेत. हे आकडे सरांनी आम्हाला दाखवले तेव्हा मला बरे वाटले, हे कबूल करते.

येथे कोणी म्हणेल, मग मोजणाऱ्यांवर कडक नजर ठेवा, घरोघर सक्तीने तपासणी करा. तो प्रयोग आपल्याकडे होऊन गेलेला आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधत. त्याचा परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपवले, प्रेतेही लपवली. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत होत्या. तसे करतानाच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एकाच साथीत लोकांच्या दारात गेलेली ही दोन प्रकारची माणसे. लोकांनी दार कोणाला उघडले असेल हे सांगायला नको. २०२० सालीही सुरुवातीला लोक आईला दारातूनच परत पाठवीत. "आमच्यात कोणी आजारी नाही, ताई, पुढं जावा," असे म्हणत, आणि आतून खोकल्याचा आवाज येई. विलगीकरणात नेतील, गाव वाळीत टाकील, ही भीती. आई दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई, आधी लेकराबाळांची चौकशी करी, मग हळूच यंत्र काढी. भीतीपोटी दिलेला आकडा खोटा असतो. विश्वासाने दिलेला आकडा खरा असतो. हे कोणत्याही समीकरणात लिहिलेले नसते, पण सगळी समीकरणे यावर उभी असतात.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. साथीची प्रारूपे हवीत आणि अधिक चांगली हवीत. पुढची साथ केव्हा ना केव्हा येणार, त्या वेळी अंधारात चाचपडण्यापेक्षा गणिताचा कंदील बरा. पण कंदिलात तेल घालणारे कोण याकडेही पाहिले पाहिजे. मोठ्या संस्थांत संगणकावर रेषा काढणाऱ्यांना मान आहे, तो असावा. ज्या बाईने उन्हात फिरून पहिला आकडा आणला तिला वेळेवर आणि पोटापुरते वेतन मिळू नये, हे मात्र न्यायाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली भारतातील आशांचा गौरव केला. आईने ती बातमी मला दोनदा वाचायला लावली आणि मग विचारले, "मागच्या तीन महिन्यांचं कधी येणार, ते लिहिलंय का त्यात?"

दुसरे म्हणणे तक्त्याविषयी. त्यात आणखी एक रकाना असावा: संशयित, तपासणी झाली नाही. ज्याला खात्री नाही त्याने शून्य लिहावे लागू नये. गणित करणाऱ्यांनाही त्याचा उपयोगच होईल. कारण काय माहीत नाही हे कळले, तर हिशोबात त्याची सोय करता येते. खोटे शून्य मात्र खऱ्या शून्यासारखेच दिसते, ते ओळखायला काही मार्ग नसतो.

तिसरे म्हणणे आपल्या सर्वांसाठी. आपण कलाशाखेचे विद्यार्थी आकडे दिसले की पान उलटतो. उद्या आपल्यातलेच कोणी शिक्षक होतील, कोणी ग्रामसेवक, कोणी वार्ताहर. साथ आली की लोक आपल्याला विचारतील, हे खरे का हो? त्या वेळी "जर" आणि "तर" यांतला संबंध लोकांना सोप्या मराठीत सांगता येणे, हे आपले काम आहे. प्राध्यापक मंडळींना विनंती अशी की सरांनी दाखवली तशी एखादी रेषा इतिहासाच्या आणि मराठीच्या तासालाही फळ्यावर यावी.

मी आजोबांविषयी लिहिते आहे हे आईला फोनवर सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. तेव्हा लिहिता आलं नाही, आता लिही."